नऊ चौदाची ट्राम

“काकू, रुळावरनं बाजूला व्हा ना,” ड्रायव्हर रादिम खिडकीतून म्हणाला.

“तुझ्या गाडीला तीन पायऱ्या आहेत. मला एक चढता येत नाही.”

व्लास्ताकाकूंनी एकतीस वर्षं ट्राम चालवली. रादिमला ब्रेक लावायला त्यांनीच शिकवलं. निवृत्त होणाऱ्या ड्रायव्हरला शेवटच्या दिवशी प्रत्येक ट्राम घंटा देते, अशी आमच्या गावची रीत. काकूंचा तो दिवस आलाच नाही. आठवडाभर आधी त्या बर्फाळ पायरीवरून घसरल्या, तेव्हापासून चाकाची खुर्ची.

वेळापत्रकात लो-फ्लोअर, म्हणजे बिनपायऱ्यांच्या, गाडीपुढे खुर्चीचं चित्र असतं. नऊ चौदापुढे ते होतं. आली पायऱ्यांची. महिन्यात सातव्यांदा. हीच तक्रार ऐकायला ट्रामच्या कचेरीने काकूंना आज दहाला बोलावलं होतं. आला नाहीत तर तक्रार निकाली, असंही वर लिहिलेलं. म्हणून काकूंनी खुर्ची रुळावर घातली.

रादिममागे एकेक करत बावीस ट्राम थांबल्या. आमचा मार्ग गोल आहे. शेवटच्या ट्रामची शेपटी थेट कचेरीच्या दाराला टेकली. मी स्वतः मोजल्या, दोन बिअर पोटात असल्या तरी.

कचेरीतले पोस्पिशिल साहेब फाईल बगलेत मारून चालत आले. “आजी, लोकांचा खोळंबा होतोय.”

“आजी तुमच्या घरी. मी तक्रारदार. दहाला पाच कमी आहेत. लिहा, हजर.”

“आजची लो-फ्लोअर परदेशी पाहुण्यांना दाखवायला नेलीय.”

“का? पाहुण्यांना पाय नाहीत?”

साहेबांनी रादिमच्या गाडीच्या पायरीवर फाईल टेकून ‘हजर’ एवढंच लिहिलं. काकूंनी ते दोनदा वाचलं, सही केली आणि खुर्ची मागे घेतली.

रादिम खाली उतरला. “चला, आम्ही चौघं ड्रायव्हर उचलून घेतो.”

“मी बटाट्याचं पोतं नाही रे. जा तू, उशीर झालाय.”

रादिम वर चढला. काकूंसमोरून जाताना त्याने एकदा घंटा दिली. मागच्यानेही दिली. त्याच्या मागच्यानेही. काकू ताठ बसून होत्या, उजवी टाच खुर्चीच्या पायपट्टीवर घट्ट, घंटेच्या पेडलवर ठेवावी तशी.

बाविसावी गेली. तीही पायऱ्यांचीच. काकूंनी मांडीवरची शाल सारखी केली आणि वेळापत्रकात पुढचं चित्र शोधलं.

दहा चव्वेचाळीस.