पाचवी मुलगी

देवयानीचं ठरलेलं होतं. जेवण उरकू द्यायचं आणि मुलाच्या आईबापाला तोंडावर सांगायचं, आमच्या नैनाचं लग्न तुमच्या मार्कोशी होणार नाही. नैनाने गाडीत हात जोडले होते, "आई, प्लीज, आज काही बोलू नकोस." पण ऐकेल ती देवयानी कसली!

त्यात मार्कोच्या इटालियन कुटुंबाचं शिकागोतलं ते घर. भिंतभर मेलेली माणसं फ्रेममध्ये, आणि प्रत्येकाची कहाणी. हा बोटीतून आला, त्याने विटा वाहिल्या, तिने नऊ पोरं वाढवली. अरे, आलात तर आलात! आम्हीही आलोच की, डिग्र्या घेऊन आलो. कधी डंका पिटला? देवयानी मनात धुसफुसत होती आणि टोमॅटोच्या लाल सॉसला नाक मुरडत होती.

मग मार्कोची नव्वदीची आजी, कार्मेला, सुरू झाली. तिचं लग्न म्हणे फोटोवरून ठरलं. नवरा अमेरिकेत, ही इटलीतल्या खेड्यात. चर्चमध्ये नवऱ्याच्या जागी दीर उभा. बोटीतून उतरली तर समोर फोटोतल्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा बाप्या. लबाडाने जुना फोटो पाठवला होता!

"शी! चौकशी नाही, काही नाही? आमच्यात असलं चालत नाही," देवयानी म्हणाली. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय!

"मग तुमचं कसं जमलं?" आजीने विचारलं.

देवयानीच्या नवऱ्याला तेवढंच हवं होतं. पुरुषोत्तम खुलले. "तीन आठवड्यांची रजा घेऊन पुण्याला गेलो. दोन दिवसांत सात मुली पाहिल्या! ही पाचवी. खरं तर तिसरी आवडली होती, पण ती नाही म्हणाली." आणि स्वतःच खो खो हसले. हा किस्सा ते प्रत्येक पार्टीत सांगत, आणि देवयानीही हसत असे.

आजी हसली नाही. "हिने किती मुलं पाहिली?"

"हिने?" पुरुषोत्तम गोंधळले. "हिने मला पाहिलं ना."

"आवडला होता?" आजीने सरळ देवयानीलाच विचारलं.

एकतीस वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. बाबांनी होकार परस्पर कळवला होता. देवयानीला एकदम राग आला, आजीचा नव्हे, त्या तिसरीचा. नाही म्हणता येतं, हे त्या बयेला बरं ठाऊक होतं!

पुरुषोत्तमांनी तिला कोपराने ढोसलं आणि मराठीत कुजबुजले, "अगं, बोल की आता. नाही म्हणायचंय ना?"

"म्हणायचं होतं," देवयानी म्हणाली. "एकतीस वर्षांपूर्वी. तुम्हाला."

टेबलावर मराठी कळणारी तिसरी फक्त नैना होती. तिचा घास हातातच राहिला. देवयानीने मार्कोच्या आईकडे वळून लग्नाची तारीख विचारली.