शनिवारची कोळशी

बसा पावणं. त्या बाकड्यावर नगं, त्येचा पाय मोडलाय, इकडं खाटंवर बसा. तुम्ही शिरूरवरनं मोबाईलवर फोटू बघून आलाय, ते पांढऱ्या पायाचं तांबडं पिल्लू पायजे म्हंताय. दिऊ की. डॉक्टर नीलमबाई आल्या की कागूद करू, हे कुत्र्यांचं घर त्यांचंच हाय. तवर एक गोष्ट सांगतो. ऐकून तुमचं डोस्कं फिरलं न्हाई, तर माझंच कायतरी चुकलं समजा.

फाटकापाशी काळी बसलीय बघा, ती कोळशी. मी रेल्वेत गँगमन हुतो. रिटायर झालो त्या वर्सी दौंडच्या यार्डात मालगाडीच्या डब्याखाली घावली. मुठीएवढी हुती. हिच्यासंगं तीन तांबडी हुती, ती पंधरा दिसांत गेली. एक कॉलनीत, एक कुरकुंभला, एक तर पार पुण्याला, फ्लॅटात. ही ऱ्हायली. चार वर्सं झाली.

नीलमबाई लई झटल्या. पर काळं कुत्रं फोटूत येतंय व्हय? दोन डोळं आन् खाली सावली. पिवळा रुमाल बांधला, उन्हात बशिवली. लोकं येत्यात, डोक्यावरनं हात फिरवत्यात आन् म्हंत्यात, गुणाची हाय, पर काळी हाय ओ. ह्यांच्या गोठ्यात म्हैस काळी चालती. कडकनाथ कोंबडा काळा म्हणून दुप्पट पैसं मोजून आणला ह्यांनीच. दारात बारा महिनं काळी बाहुली लोंबती. कुत्रं तेवढं काळं नगं.

शनिवारी मातर काळंच लागतं. साडेसाती हाय, जावयाचं जमंना, बोअरला पाणी लागंना, कुणीतरी सांगतं, शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली चपाती घाला. मंग ही फाटकावर रांग. आन् खोटं कशाला बोलू, पयल्यांदा मीच लोकांना सांगितलं, आमच्याकडं काळी हाय, या. चाळीस तोंडं हाईत हितं, पीठ पुरत न्हाई. म्हटलं, तेवढंच एक पोट भागंल. ती चूक माझी.

त्यात तुळजाबाई यायच्या. दौंडच्या पल्याड त्यांचा झेंडूचा मळा. ल्योक पोपटराव शनिवारी फुलं घिऊन बाजारात यायचा, म्हातारीला हितं सोडून जायचा. नातू रोहन कुरकुंभच्या एका कंपनीत तीन वर्सं कंत्राटावर, पर्मनंट करंनात. म्हणून अकरा शनिवार बोलली हुती. बाकीची लोकं चपाती लांबनं फेकत्यात आन् मागं न बघता जात्यात. ही बाई खाली बसायची. तुकडं करून हातानं चारायची, वर रोहनचं गाऱ्हाणं सांगायची. कोळशी समदं ऐकायची. चौथ्या शनिवारपासनं पोपटरावच्या गाडीचा आवाज वळणावर आला की ही फाटकावर उभी.

अकरा शनिवार झालं. रोहन पर्मनंट झाला. पोपटराव पेढं घिऊन आला, मला दिलं, नीलमबाईला दिलं. म्हातारी न्हाई आली. पुढच्या शनिवारी न्हाई, त्याच्या पुढच्या न्हाई. कोळशी फाटकावर बसायची ती अंधार पडंस्तवर. दुसऱ्यांच्या तेलाच्या चपात्या पुढ्यात पडलेल्या, मुंग्या लागलेल्या. तोंड लावायची न्हाई.

तिसऱ्या शनिवारी सांजच्याला माझं डोस्कं फिरलं. शेजारच्या दत्ताच्या टेम्पोत घातली तिला आन् गेलो मळ्यावर. दत्ता म्हणाला, "आप्पा, पोरगी बघाय निघाल्यागत निघालाय, निदान दाढी तरी करायची." म्हटलं, गप गाडी चालव.

अंगणात म्हातारी फुलं निवडत बसलेली. कोळशीनं पट्टा हिसडला आन् गेली ना पावणं. जाऊन मांडीवर डोस्कं टाकलं. म्हातारीचा हात आपसूक वर आला, तेवढ्यात पोपटराव घरातनं बोलला, "आये, हात लावू नगंस."

मला म्हणाला, चहा घ्या आप्पा, बसा, पर तिला फाटकाभाईर बांधा. मी सरळच विचारलं, हिला ठिवून घेता का? कोपऱ्यात पडंल, मळा राखंल. पोपटराव खाली बघाय लागला. म्हातारी बोलली. डोळ्यात पाणी हुतं तिच्या.

"आप्पा, लई गुणाची हाय ओ ती. पर आमची समदी साडेसाती तिच्या पोटात हाय. ती परत घरात कशी घिऊ?"

ऐकलं का? अकरा शनिवार घास भरवला, तो घास नव्हताच. घरातली घाण सांडायला ह्यांना मोरी पायजे हुती, ती ही. आन् मोरीला कोण घरात घेतंय?

मी शिव्या देणार हुतो. तेवढ्यात रोहनचं तान्हं पोर घिऊन सून भाईर आली. पोराच्या गालावर ही मोठी काळी तीट. मी म्हटलं, "मावशे, पोराला नजर लागू नये म्हणून काळं लावता. ते काळं राखतं, आन् हे काळं खातं, व्हय? तुमच्या नातवाच्या नोकरीसाठी हिनं अकरा शनिवार वाट बघितली. हिच्या वाटंचं कुणी बघायचं?"

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. मी कोळशीला उचलली. पंचवीस किलोची हाय, पर चालायलाच तयार न्हाई.

त्या दिसापासनं शनिवारची चपाती बंद केली मी. लोकं भांडत्यात. पुण्य अडवतो म्हंत्यात. फाटकावरनं टाकून जात्यात तरी.

तुम्ही म्हनाल, आप्पा, तूच का न्हाई ठेवत? ठेवलीय की, माझ्या खाटंखालीच निजती. पर मी हितल्या चाळीस कुत्र्यांचा हाय. तिला कुणीतरी तिचं एकटीचं पायजे. ते तिनं एकदा बघितलंय, तीच तर पंचाईत हाय.

ते तांबडं पिल्लू जाईल हो. उद्या न्हाई तर परवा, त्याला गिऱ्हाईक हाय. आज वार कुठला हाय बघा. दहा वाजता तेलाच्या चपात्या घिऊन लोकं येत्याल. त्याच्या आधी जरा फाटकापाशी जावा, खाली बसा, तिला हाक मारा. आन् आली, तर माझं एवढं ऐका पावणं, तिला गाडीत घाला.