शालनने काय सोडलं

ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस, म्हणजे लेंट, सुरू झाले की कोलशेतच्या त्या छोट्या चर्चमध्ये एकच विषय निघतो: यंदा कोण काय सोडणार? रवींद्रने मटण सोडलं, तेही दरवर्षीसारखं साम्राज्य सोडल्याच्या थाटात. हौसाबाईंनी साखर सोडली आणि दुसऱ्याच दिवसापासून त्या येईल त्याच्यावर खेकसायला लागल्या.

रवींद्रची बायको शालन मात्र पाळकांकडे वेगळंच गाऱ्हाणं घेऊन गेली. पाळक प्रीतम तिच्या मुलाच्या वयाचा, पण ती त्याला साहेबच म्हणायची.

"साहेब, माझी प्रार्थनाच होत नाहीये. डोळे मिटले की कपबश्या दिसतात. वर्ष झालं. देवाशी बोलायला तोंडात शब्दच येत नाही. मी काय सोडू? एक वेळचं जेवण सोडू का?"

प्रीतमने जरा विचार केला. "काकू, चर्चचं स्वयंपाकघर सोडा. ईस्टरपर्यंत आत जायचं नाही. बाकावर बसायचं."

शालनला वाटलं, पोरगा थट्टा करतोय. उपासनेनंतरचा चहा, फुलं, मुलांचा खाऊ, कुणाच्या बाप्तिस्म्याचा केक, सगळं तिच्याच गळ्यात होतं. आणि खरं सांगायचं तर तिने ते दुसऱ्या कुणाला करू दिलंच नव्हतं.

"मग चहा कोण करणार?"

"हौसाबाई."

"अहो, त्यांना दूध कधी उतू जातं ते कळत नाही!"

"बिघडला तर बिघडला. पिऊ आम्ही."

घरी येऊन तिने भांडी आपटली. "माझं मटण बघ, मी काही बोलतो का?" असं रवींद्र म्हणाला, आणि त्या रात्री त्याला भाजीही बेताचीच मिळाली.

रविवारी ती नवऱ्याशेजारी बसली. मांडीवरचे हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. गाणं अर्ध्यावर असताना मागून पातेलं पडल्याचा आवाज आला, मग करपलेल्या दुधाचा वास. ती अर्धी उठली. रवींद्रने तिचा हात धरला. चारचौघांत असा हात त्याने लग्नातही धरला नव्हता.

"बस गं."

"अहो, दूध..."

"जाऊ दे दूध."

ती बसली. करण्यासारखं काहीच उरलं नाही, आणि मग वर्षभर लांब ठेवलेलं ते तिच्यापाशी आलं. तिची आई कल्याणला शालनच्या भावाच्या घरी वारली, त्या दिवशी माणसांची रीघ लागली होती. त्यांचं कोण बघणार? शालनने डोळे पुसले आणि चहा टाकला. आईची शवपेटी उचलली तेव्हा ती आत स्वयंपाकघरात गाळणं शोधत होती. त्यानंतर ती कुठे म्हणून स्वस्थ बसलीच नव्हती.

"कुणासाठी प्रार्थना करायची आहे का?" पाळकाने नेहमीप्रमाणे विचारलं. कुणाचे गुडघे दुखत होते, कुणाच्या लेकाचा इंटरव्ह्यू होता. मग शालनचा हात वर गेला. सगळे वळून बघू लागले, कारण या बाईने आजवर स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं.

"माझी आई गेली," ती म्हणाली.

सगळ्यांना माहीत होतं. निम्मे तर तेव्हा कल्याणला जाऊन आले होते. पण "अगं, मागच्या वर्षीच ना?" असं कुणी म्हटलं नाही, आणि त्याबद्दल त्या मंडळीचं करावं तेवढं कौतुक थोडं.

"देवाकडे काय मागू या, काकू?" प्रीतमने हळूच विचारलं.

"मागायचं काही नाही हो. मला नीट रडायचंय."

मागून हौसाबाई ओल्या हातांनीच आल्या, बाकावर दाटीवाटीने बसल्या आणि त्यांनी शालनचं डोकं खांद्यावर ओढून घेतलं. शालन मोठ्याने रडली, लहान मूल रडतं तशी. कुणी तिला गप्प केलं नाही. पाळकाने प्रवचनाचे कागद मिटून ठेवले आणि तो खाली उतरून पहिल्या बाकावर बसला.

बऱ्याच वेळाने तिने डोळे मिटले.

"देवबापा," ती म्हणाली, "तिला उचललं तेव्हा मी तिचं तोंडसुद्धा पाहिलं नाही रे."