भिंतीपलीकडची टिंग

माझ्या जावेच्या फोनवर दुपारी टिंग वाजलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत, तीही सासऱ्यांनी वाटणीच्या वेळी घाईघाईत घातलेली. पलीकडे चमचा पडला तरी अलीकडे कळतो. ती सकाळी दवाखान्यात नावं नोंदवायचं काम करते आणि जेवणाच्या वेळेला घरी येते. मी माझ्या पुढच्या खोलीत पडदे शिवते. बाईला एवढे निरोप पाठवतं तरी कोण, हेच मला समजत नव्हतं. माझ्या फोनला तर कुत्रंही विचारत नव्हतं.

तिचं सगळंच तसं. खिडकी उजेडाकडे, साडीला सुरकुती नाही, नवरा धडधाकट. माझे हे गेल्यापासून घर पडद्यांवर चालतं, आणि पडदे काय, लोक लग्नकार्याला नाहीतर घर बदलताना करतात. त्यात एका नव्या हॉटेलचं सगळं काम माझ्याकडे यायच्या बेतात होतं. तिथल्या मॅनेजरबाईंना माझी शिलाई पसंत पडली होती. फक्त दुकानाचा परवाना हवा, तोही महिनाअखेरच्या आत. परवान्याला खोलीचा मिळकत उतारा हवा, आणि उतारा आता ऑनलाईनच मिळतो.

जावेने तिचा उतारा गच्चीवरच्या खोलीसाठी काढला, तेव्हा मी समोरच बसले होते. चहा निवायच्या आत कागद हातात. खाली हिरवी खूण, वर धाकट्या दिरांचं नाव. "बघा ताई, किती सोपं आहे!" असं म्हणून तिने तो माझ्यापुढे धरला. ते 'सोपं' मला असं झोंबलं की त्या दिवसापासून मी तिच्याशी कामापुरतंही बोलेनाशी झाले.

कारण माझा काही केल्या निघेना. मुलीने मागे ठेवलेला लॅपटॉप उघडून बसायचं. आधी ती वेडीवाकडी अक्षरं ओळखून दाखवायची, म्हणजे आपण माणूस आहोत हे सिद्ध होतं. मग चक्र फिरत राहायचं. मग 'सत्र संपले'. कधी नशीब उघडलंच तर 'आपल्या नोंदणीकृत मोबाईलवर संकेतांक पाठवला आहे' असं यायचं. मी मोबाईल समोर ठेवून त्याच्याकडे डोळे लावून बसायची. तो ढिम्म. तेवढ्यात पुन्हा सत्र संपायचं.

कार्यालयात गेले तर खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, "आता सगळं घरबसल्या मिळतं. इथे कशाला हेलपाटे घालता?" मदतीच्या नंबरवर फोन केला तर बराच वेळ गाणं ऐकवून त्यांनी सांगितलं, जवळच्या कार्यालयात जा. शेवटी रांगेतल्या एका बाईने कानमंत्र दिला, की दुपारी जेवणाच्या वेळी करा, तेव्हा साईटवर गर्दी नसते. म्हणून मी रोज दुपारी मशीन थांबवून तेच करत होते. मी बटण दाबायचं, माझा फोन गप्प, आणि नेमकं तेव्हाच भिंतीपलीकडे टिंग. जणू मला खिजवायलाच.

डोक्यात नको ते यायला लागलं. हिच्या अर्ध्या घराचा उतारा चुटकीसरशी निघतो आणि माझ्याच अर्ध्याचं घोडं कसं अडतं? दिरांची कुठे तरी ओळख असणार. माझी पुढची खोली रस्त्याला लागून आहे, ती हिच्या डोळ्यांत भरली असणार. रात्रंदिवस तेच घोळायचं.

महिना संपत आला तशी मी एका दुपारी इरेला पेटले आणि ते बटण पुन्हा पुन्हा दाबलं. पलीकडे टिंग, टिंग, टिंग. तशीच उठले आणि तिच्या दारावर थाप मारली.

दार उघडलं तर तिचा चेहरा पांढराफटक. हातात फोन.

"ताई, आधी आत या. दार लावून घ्या. कोणीतरी आपलं घर लाटायला बघतंय!"

"काय?"

"हे बघा. रोज दुपारी येतं. मिळकतीचा संकेतांक मागतंय कोणीतरी. आज तर नुसता सपाटा लावलाय मेल्याने. दवाखान्यात आम्हाला बजावून सांगितलंय, संकेतांक कोणाला द्यायचा नाही. जीव गेला तरी देणार नाही मी."

"आणि मला नाही सांगावंसं वाटलं?"

"तुम्ही बोलता कुठे माझ्याशी? आले होते दाराशी. तुम्ही मशीन आणखी जोरात चालवलीत."

चालवली होती. तिची सावली बघूनच चालवली होती.

"अगं," मी म्हटलं, "तो मेला म्हणजे मीच."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग ती मटकन खुर्चीत बसली आणि हसत सुटली. मला हसू आलं नाही. मी लॅपटॉप घेऊन आले. बटण दाबलं, टिंग वाजलं, तिने आकडे सांगितले आणि पान उघडलं. ह्यांचं नाव, वारस म्हणून खाली माझं, खोलीचं मापही बरोबर. उतारा मी लगेच उतरवून घेतला. हॉटेलचं काम आता माझं होतं. आनंद व्हायला हवा होता. पण माझी नजर खालच्या ओळीवर अडकली. मोबाईल क्रमांक तिचा होता.

"ह्यांनी तुझा नंबर का दिला?"

"दादांनी मागितला होता एकदा. मला वाटलं, लाईटबिलासाठी असेल." ती जरा अडखळली. "म्हणाले, तुझी ताई मशीनवर बसली की घराला आग लागली तरी फोन उचलायची नाही. तुझा असू दे, तू घरचीच आहेस."

म्हणजे शेवटी ह्यांनी भरवसा ठेवला तोही तिच्यावर. खिडकी तिला, गच्ची तिला, आणि आता हेही तिला. त्याच पानावर 'मोबाईल क्रमांक बदला' असं बटण होतं. मी तिला न विचारता माझा नंबर टाकला आणि ते दाबलं.

'खात्रीसाठी जुन्या क्रमांकावर संकेतांक पाठवला आहे.'

टिंग.

तिने स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काय चाललंय ते तिला कळलं होतं, तिचे डोळे भरून आले होते. मग तिने चष्मा लावला आणि एकेक आकडा सावकाश सांगितला. माझी चूक होऊ नये म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगितला.

तिच्या जागी मी असते तर एक आकडा नक्की चुकीचा सांगितला असता. हे मला तिथेच कळलं, आणि आकडे टाकता टाकता मला तिचा पुन्हा हेवा वाटला, आधीपेक्षाही जास्त.