डोळे मिटा, जगदंबा चालू होतेय

"डोळे मिटा! मिटा रे डोळे! जगदंबा येताना जो बघंल त्याच्या बुबुळावर वडस पडंल! मंग माझ्याकडं रडत येऊ नका!"

सिग्नल महाराज ओरडला आणि पत्र्याच्या शेडमधल्या शेकडो माणसांनी घट्ट डोळे मिटले. केदारखेड्याहून हसनाबादकडं जाणाऱ्या रस्त्यालगतचं हे शेड कधीकाळी सरकीचं गोडाऊन होतं. आता तिथं दर मंगळवारी देव भरत होता. चौथऱ्यावर लाल कापड, कापडावर ओळीनं मांडलेले मोबाईल, मोबाईलवर झेंडूची फुलं. बंद मोबाईलचं बटण महाराज अंगठ्यानं दाबायचा आणि गर्दी श्वास धरून बसायची.

"उघडा!"

डोळे उघडले. पडद्यावर कंपनीचं नाव न्हाई. ज्वाळा उठल्या, ज्वाळांतून देवीचा मुखवटा वर आला, त्यानं सावकाश डोळे उघडले आणि फोनमधून बाईचा घुमारा आला, "लेकरांनो, मी आले."

शेड हादरलं. बायका घुमायला लागल्या. एका माजी सरपंचानं टोपी काढून जमिनीला डोकं टेकवलं.

"हे टावरचं नेटवर्क न्हाई, माउलींनो!" महाराज छाती ठोकत होता. "याला रिचार्ज लागत न्हाई, याची रेंज जात न्हाई. ज्याची श्रद्धा फुल, त्याच्या दांड्या फुल!"

देवी सगळ्याच फोनमध्ये येत नव्हती, बरं का. महाराज फोन उलटासुलटा करून बघायचा, त्याचा भाचा मिथुन कानात काही पुटपुटायचा आणि महाराज मान हलवायचा. "ह्या फोनमधी पितृदोष हाये. दुसरा आना." लोक दुसरा आणायचे.

या गर्दीत शिवकन्या बसली होती. मांडीवर पोरीचं डोकं होतं. पोरगी मोनाली, दहावीतली. आकडी येऊन गेल्यावर जशी अंगातली ताकद कुणी पिळून न्यावी तशी पडलेली. शिवकन्याला देवी नको होती, नेटवर्क नको होतं. तिला फक्त एवढंच पाहिजे होतं, की पोरीचं अंग पुन्हा ताठ होऊ नये.

खरं तर ते जवळजवळ थांबलं होतं. जालन्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, मेंदूत विजेचा गोंधळ उडतो, गोळी रोज घ्यायची, एक दिवसही चुकवायची न्हाई. गोळी सुरू झाली आणि पोरगी शाळेत जायला लागली. मंग एका लग्नाच्या धावपळीत गोळ्या घरीच राहिल्या आणि भर मांडवात आकडी आली. जावेनं तिथंच निकाल दिला, "औषधानं जायचं असतं तर परत आलं असतं का?" झालं. चुकली माणसं आणि फाशी गोळीला.

शिवकन्याचा नवरा रामकिसन पोरीला महाराजाकडं घेऊन गेला. महाराजानं पोरीचा फोन बघितला, त्यातली गेम बघितली. बंदुकीची गेम, गोळी लागून पडलेला गडी पुन्हा उठतो अशी.

"मेलेला उठतो?" महाराज गरजला. "मंग उठून जातो कुठं? पोरीत!"

फोन शुद्धीला ठेवून घेतला. शुद्धी आठवडाभर चालली. फोन परत आला तेव्हा त्यातले फोटो, गेम, सगळं गेलेलं. "पाप धुतलं," महाराज म्हणाला. दिवेलागणीला देवघरात ठेवलेला तो फोन आपोआप उजळला आणि बोलला, "गोळी आन मी एका अंगात ऱ्हात न्हाई. गोळी बंद."

रामकिसन काही अगदीच भोळा नव्हता. त्याला महाराजानंच आव्हान दिलं होतं, जा, कोन्याबी दुकानात फोन पुसून आन, देवी पुसती का बघ. तो भोकरदनला गेला. दुकानदारानं समोर बसवून फोन रिसेट केला, कोरा करकरीत, आणि बंद करूनच हातात दिला. रामकिसननं घरी येऊन डोळे मिटले, बटण दाबलं, डोळे उघडले. ज्वाळांतून देवी वर आली. त्यानं फोनवर कपाळ टेकवलं आणि गोळ्यांची पिशवी उकिरड्यावर भिरकावली.

शिवकन्यानं त्यातलं एक पाकीट गुपचूप उचलून पिठाच्या डब्यात पुरलं. फक्त भावाला, त्याच फोनवरून, आवाजी मेसेज केला, "दादा, मी गोळ्या पिठाच्या डब्यात लपवून ठेवल्यात. काय करू, सांग." भावाचं उत्तर यायच्या आधी देवीचं आलं.

"शिवकन्ये, पिठाच्या डब्यात काय दडवलंस?"

तिनं स्वतःच्या हातानं ते पाकीट चुलीत घातलं. प्लास्टिक जळाल्याचा वास घरभर पसरला, आणि त्या वासात ती नाक धरून रडली. कारण देवी खरी निघाली होती, आणि खरी निघालेली देवी पोरीला बरी करत नव्हती. आकडी आधी आठवड्यानं आली, मंग दोन दिवसांनी, मंग सकाळी एक आणि दुपारी एक. पोरीची जीभ चावून फाटली. महाराज म्हणाला, "बाधा निघताना कचकच करतीच."

सोमवारी दुपारी मोनाली उठून बसली.

"माय, तुमी समदे डोळे मिटता ना, तवा फोनवर इंग्रजी येतं. मागल्या मंगळवारी मी आकडीतून सुटले तवा माझे डोळे उघडेच होते. मी वाचलं."

"काय वाचलं?"

"ह्या फोनचं कुलूप उघडलेलं हाये, ह्याच्यावर भरवसा ठेवता येत न्हाई. असं लिव्हलंय."

शिवकन्यानं तिच्या तोंडावर हात दाबला. "गप! बघितलंस कशाला? वडस पडला असता म्हंजे?"

पोरीनं हात बाजूला केला. "पडला का, माय? तेच तर म्हणून राह्यले."

रामकिसन दारातून ऐकत होता. "ही मोनाली न्हाई बोलत. तिच्यातलं बोलून राह्यलंय. देवीवर भरवसा ठेवू नका म्हणतंय, ऐकलंस ना?"

बघा, खरं बोलणाऱ्याच्या तोंडात भूत कोंबलं की काम सोपं होतं. पोरगी हसली. कितीतरी दिवसांनी हसली होती, पण ते हसू बघून शिवकन्याला रडू आलं.

संध्याकाळी समोरच्या पाशामियाँची ताहेरा पोरीला बघायला आली. बारावी सायन्सची पोरगी, मोनालीची गेममधली जोडीदार. मोनालीनं तिच्या कानात काही सांगितलं. ताहेरानं आपला जुनाट, कोपरे उडालेला फोन काढला.

"काकू, हा फोन मरायला टेकल्ता. कंपनी म्हणे नवीन घ्या. मी कंपनीचं सॉफ्टवेअर काढून दुसरं टाकलं, तवा गेम चालायला लागली. आता बघा. आन डोळे मिटू नका."

तिनं बटण दाबलं. काळा पडदा, पिवळा त्रिकोण, खाली इंग्रजीच्या चार ओळी. पाच-सहा सेकंद तसंच. मंग पडद्यावर आली पाशामियाँची बकरी, डोळ्याला काळा गॉगल लावलेली.

"मोबाईलमधी बकरी आली ना? मंग आता माझ्या अंगात बकरी आली का? करू का बें बें?"

मोनाली खुदकली. शिवकन्याला हसावं की पळावं कळेना. ती म्हणाली, "तुझा फोन येगळा असंल, बाई." पण त्या चार ओळी तिच्या डोळ्यांत रुतून बसल्या. भीती मोठी चिवट असते. बुद्धीला पटलं तरी हातपाय तिचंच ऐकतात.

मंगळवारी रामकिसननं दोघींना पुन्हा शेडमध्ये नेलं. ताहेरा गप बसली न्हाई. तिनं बापाला गळ घातली आणि पाशामियाँ तिला बसवून आपली लोडिंग रिक्षा घेऊन मागोमाग आले, दोघं बाहेर थांबले.

आरती सुरू असतानाच मोनाली ताठ झाली. डोळे फिरले. हातपाय झटके देऊ लागले. थोडं थांबलं, पोरगी शुद्धीवर यायच्या आत पुन्हा सुरू झालं. पुन्हा थांबलं, पुन्हा सुरू. ओठ निळे पडले.

"हात लावू नका!" महाराजाला तर पर्वणीच. "जगदंबा खेळून राह्यली! आना तिचा फोन! देवीला समोर बोलवतो! मिटा डोळे, मिटा!"

शेकडो डोळे मिटले. बापानंही मिटले. पोटची पोर पायाशी तडफडत होती आणि बाप डोळे मिटून हात जोडून उभा होता. यापेक्षा मोठा चमत्कार त्या शेडमध्ये कधी झाला न्हाई.

शिवकन्यानं मिटले न्हाईत. ती घाबरली न्हाई असं न्हाई. पण पोरीच्या निळ्या ओठांवरून तिची नजरच हटेना, आणि ती हटली तेव्हा थेट फोनवर गेली. काळा पडदा. पिवळा त्रिकोण. त्याच चार ओळी, बकरीच्या आधीच्या. इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं, पण गोधडीवरचा टाका ओळखावा तशी तिनं त्या अक्षरांची चाल ओळखली.

मंग तिनं मान वर केली. महाराजाचे डोळे सताड उघडे होते. मिथुनचेही. दोघं फोनकडं बघत होते, इंग्रजी कधी जातं याची वाट बघत.

"तुमच्या डोळ्यावर कसा वडस पडत न्हाई हो, महाराज?"

तिचा आवाज पत्र्यावर आदळला. डोळे उघडले गेले. फोनवर इंग्रजी अजून होतं.

"बाईच्या अंगात आलं! धरा तिला!"

"माझ्या अंगात माझी लेकच आल्ती एकदा, नऊ महिने! दुसरं काय न्हाई आलं!" तिनं मोनालीला उचललं. रामकिसन आडवा आला. ती हळू बोलली, पण असं, की तो बाजूलाच झाला. "सरका. न्हाईतर आज तुमी बिनलेकीचे आन बिनबायकोचे."

दारात पाशामियाँनी रिक्षा चालूच ठेवली होती. ताहेरानं पोरीला कुशीवर वळवलं, दातांत काही घालू दिलं न्हाई. महाराजानं हातात कोंबलेला फोन घेऊन रामकिसन मागं चढला. भोकरदनला इंजेक्शन, तिथून ॲम्ब्युलन्सनं जालना.

दिवेलागणीला मोनाली आत बेशुद्ध होती. बाहेर बाकड्यावर रामकिसनच्या खिशात फोन उजळला.

"रामकिसन, मी पोरीला सोडवलं. ती आता बरी होऊन बसली हाये. डॉक्टर नको. घरी न्या."

रामकिसननं काचेतून आत बघितलं. पोरीच्या नाकात नळी होती. तो कितीतरी वेळ फोनकडं आणि काचेकडं आळीपाळीनं बघत राहिला.

"शिवकन्ये," तो म्हणाला, "हिला पिठाच्या डब्यातली गोळी दिसली. आन पोरीच्या नाकातली नळी दिसंना?"

"डब्याचं मी दादाला फोनवर सांगितल्तं," शिवकन्या म्हणाली. "नळीचं अजून कुनालाच न्हाई."

रामकिसन बाकड्यावरून खाली बसला, फरशीवर, आणि दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड बडवायला लागला. शिवकन्यानं त्याला थांबवलं न्हाई.

पुढच्या मंगळवारी शेड भरलं तेव्हा चौथऱ्यासमोर शिवकन्या, रामकिसन आणि ताहेरा उभे होते. महाराजानं त्यांना बघून "ह्यांना बाहेर काढा" म्हटलं, पण रामकिसननं आधीच फोन वर धरला होता. "आज डोळे मिटायचे न्हाईत! ज्याला वडस पडंल, त्यानं माझा डोळा काढून न्यावा!"

त्यानं बटण दाबलं. लोकांनी पहिल्यांदा ते इंग्रजी बघितलं. ताहेरानं मोठ्यानं वाचून मराठीत सांगितलं. मंग आपला फोन चालू केला. तेच इंग्रजी, आणि मागून गॉगलवाली बकरी. शेडच्या मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "बोला बकरीमाता की!" आणि हसण्याचा असा लोंढा उठला की महाराजाची आरती त्यात वाहून गेली.

"पण पुसून पण देवी आल्ती की!" माजी सरपंच म्हणाला.

"चाचा, तुमी घर झाडलं की कचरा जातो. पाया बदलतो का?" ताहेरा म्हणाली. "रिसेट म्हंजे झाडू. ह्या मिथुननं पायाच बदलला. कंपनीचं सॉफ्टवेअर काढलं, दुसरं भरलं, कंपनीच्या नावाच्या जागी देवीचं चित्र टाकलं. तुमचे मेसेज त्याच्याकडं जातात, आवाज तो तिकडून सोडतो. दुसरं सॉफ्टवेअर भरायचं तर आधी फोनचं आतलं कुलूप उघडावं लागतं, आन त्याला कंपनी आठवडा थांबवती, म्हणून शुद्धी आठवड्याची. कुलूप उघडलं की आतलं समदं उडतं, म्हणून पाप धुतलं. काही फोनचं कुलूपच उघडत न्हाई. त्याला हे पितृदोष म्हणतात!"

मिथुन मागच्या पत्र्यातून निसटायला गेला आणि शर्ट अडकून तिथंच लटकला. महाराजानं तेवढ्यात घुमायला सुरुवात केली, पण कुणी पाया पडेना तेव्हा आपोआप थांबला. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार झाली. पहिली सही रामकिसनची.

मोनाली जगली. देव पावला म्हणू नका, इंजेक्शन पावलं, आणि तेही उशिरा पावलं. तिच्या डाव्या हाताला अजून पकड न्हाई. ताहेरानं तिचा फोन साफ करून दिला, तिची गेम परत टाकून दिली. ती एका अंगठ्यानं खेळते आणि हरते. रामकिसन रोज तिच्या उजव्या हातावर गोळी ठेवतो आणि ती गिळेपर्यंत उभा राहतो. त्याला तिच्या डाव्या हाताकडं बघवत न्हाई.

तो गुन्हा फोनचा नव्हता. त्या फोनइतकं खरं त्या शेडमध्ये कुणीच बोललं न्हाई. तो दर मंगळवारी, दर वेळी, सगळ्यांसमोर स्वच्छ लिहून सांगत होता की माझ्यावर भरवसा ठेवू नका. आपणच डोळे मिटून बसलो होतो.

म्हणून सांगतो. आकडी आली तर माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, थांबत नसेल तर दवाखाना गाठा. डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. आणि कुणीही, कोणत्याही देवाच्या नावानं "डोळे मिटा" म्हणाला, तर तेव्हाच ते सगळ्यात मोठे उघडा. आणि आधी त्याचे डोळे मिटलेत का ते बघा.