एक, दोन, तीन, पाच

मी शिडी बोलतेय. बघा, पहिल्याच वाक्याला तुमच्या भुवया वर गेल्या! आता पुढचं ऐका आणि त्यातला एक शब्द तरी खरा मानून दाखवा. मानलात तर तुम्ही भोळे, नाही मानलात तर करंटे. मी काय, दोन्हीकडून हसणार.

भिंतीला टेकून उभी राहते ना, तसली शिडी नव्हे हं मी. तिला बिचारीला सतत कुणाचा तरी आधार लागतो. मी दोन्हीकडे तंगड्या फाकून आपली आपण उभी. रंगारी लोक मला घोडी म्हणतात. या वयात मला घोडी म्हणणारं दुसरं आहे कोण? म्हणून मला रंगारी आवडतात.

ज्या सुतारानं मला घडवलं, त्याला जेवायची घाई झाली होती. त्यामुळे माझा डावा पाय बोटभर आखूड राहिला. त्याला वाटलं खोट राहिली. मला वाटलं, बरं झालं, आयुष्यभराची करमणूक झाली. कुणी वर चढलं की मी जराशी डुलते, अगदी जराशी. मग वरचा माणूस देवाला कशी गोड हाक मारतो!

शिक्षण म्हणाल तर अर्धी पहिली. माझा मालक एका शाळेचा व्हरांडा रंगवत होता, तेव्हा मी वर्गाच्या दाराशी उभी असायचे. पाढे फुकटात कानावर पडले. सातच्या पाढ्यापर्यंत आलो आणि व्हरांडा संपला. पायऱ्याही मला सातच, तेव्हा पुढचं शिकून करायचं तरी काय होतं?

सात होत्या, म्हणजे. चौथीची गोष्ट सांगते. एक लठ्ठ मुकादम एकदा तरातरा वर चढला, का, तर म्हणे रंग पातळ लावलाय, बोट लावून दाखवतो. चौथ्या पायरीवर उभा राहून त्यानं माझ्या मालकाला असं काही ऐकवलं की मला राहवेना. मी ती पायरी सोडली. कटकन! मुकादम रंगाच्या बादलीत बसला. रंग पातळ नव्हता हे त्याला नीट कळलं.

"उद्या नवी पायरी बसवतो तुला," मालक डोळे पुसत म्हणाला. हसून हसून पाणी आलं होतं डोळ्यांत. तो उद्या यायला एकतीस वर्षं लागली. माणसांचा उद्या हा असाच असतो.

तोवर मालकानं एक युक्ती काढली. चढताना मोठ्यानं मोजायचं. "एक, दोन, तीन, उचल पाय, पाच, सहा, सात." पाचवीला तो पाचवीच म्हणायचा. पायरी गेली म्हणून तिचा नंबर दुसरीला कसा द्यायचा, असा त्याचा सरळ हिशेब. उतरताना उलटं. तोंड चालू असलं की पाय चुकत नाही, म्हणायचा.

पुढे मालकाचे गुडघे कुरकुरायला लागले, त्यानं बाहेरची कामं सोडली आणि स्वतःचंच घर रंगवायला काढलं. चार खोल्यांचं घर, चार वर्षं रंगत होतं. एक खिडकी झाली की पहिली जुनी दिसायला लागते, मग परत तिच्याकडे. मी त्या खिडकीतून या खिडकीत. घरातलं सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं. आता कळलं, एवढ्या बातम्या मला कुठून मिळतात?

घरात त्याची मुलगी. जावई बोटीवर, वर्षातले दहा महिने पाण्यात. मुलीला दोन पोरं. धाकटा तेव्हा रांगत होता आणि जे सापडेल ते तोंडात घालत होता. थोरली साडेपाच वर्षांची. सारखी कशावर तरी चढलेली, म्हणून तिला सगळे खारू म्हणायचे.

शाळा लांब, बसनं दीड तास. आणि बसचं इंजिन सुरू झालं की खारूच्या पोटातलं बाहेर. ड्रायव्हरनं तर हात जोडले होते. शेवटी आई म्हणाली, मी हिला घरीच शिकवते. शिक्षण खात्याच्या ऑफिसातून परवानगी आली, पण अट घालून. तीन महिन्यांनी तपासणीच्या बाई येणार. पोरीला थोडं वाचता आणि दहापर्यंत मोजता आलं तर घरी शिकू द्या. नाही तर बस.

खारूच्या आत्यानं फोनवर लगेच सांगितलं, "वहिनी, शिकवणं म्हणजे काय भाजी निवडणं आहे का?"

"भाजी निवडणंही तुम्हाला जमत नाही, ताई. मागच्या वेळी अळी निघाली होती," आई म्हणाली आणि फोन ठेवला. मला आवडली हो! पण ठेवल्यावर तिनं दहापर्यंतचे आकडे स्वतःच एकदा म्हणून पाहिले, तेही मी ऐकलं.

मग सुरू झाली खरेदी. घरी शिकवायचा पहिला संच आला तो एवढ्या मोठ्या खोक्यात की धाकटा त्यात दोन दिवस राहिला. सव्वीस पुस्तकं, चित्रांची कार्डं, लाकडी मणी आणि दर दहा मिनिटांचं वेळापत्रक. नऊ ते नऊ दहा अक्षरं, नऊ दहा ते नऊ वीस आकडे, नऊ वीस ते नऊ तीस आनंद. खरंच लिहिलं होतं, आनंद!

आईनं मणी मांडले. "मोज बरं, राणी."

"एक, दोन, तीन," खारू म्हणाली, मग एक पाय गुडघ्यापर्यंत उचलला, "पाच, सहा, सात."

समोर मणी सहाच.

"चार कुठे गेले गं?"

खारूनं आईकडे असं पाहिलं, जसं काही आईनं भलतंच विचारलं.

मी खिडकीबाहेर उभी राहून हसतेय! कारण मला ठाऊक होतं ना. सकाळ झाली की पोरगी आजोबांबरोबर माझ्याकडे. ते पुढून चढायचे, ही पाठीमागून त्यांचा पायजमा धरून. एक, दोन, तीन, उचल पाय, पाच. तिची शाळा आधीच भरली होती आणि मास्तरीण मी होते.

आईनं ठरवलं, संच वाईट. त्यात 'हालचालीतून गणित' असा धडा होता, त्यानंच पोरीला पाय उचलायची खोड लागली. खोकं पलंगाखाली गेलं.

दुसऱ्या संचात पुस्तक एकच, आणि त्यात लिहिलेलं की पुस्तकं वापरू नका. पानं, काड्या, दगड गोळा करा, मूल आपोआप शिकतं. आईनं टोपलीभर पानं आणली. खारूनं मोजली, एक, दोन, तीन, पाय वर, पाच. सहा पानं होती, त्यातलं एक धाकट्यानं खाल्लं, तेव्हा उरलेल्या पाचांचे सहा झाले. आई डोकं धरून बसली.

तिसरा संच मोबाइलवरचा. त्यात एक अस्वल गात गात मोजायचं. पोरगी अस्वलाला म्हणाली, "अरे, पाय उचल, पडशील!"

तुम्ही म्हणाल, आईनं आजोबांना का नाही विचारलं? मानी बाई ना! आजोबा रोज विचारायचे, "कसं चाललंय शिक्षण?" आणि ती रोज म्हणायची, "मस्त, अण्णा." घरात दोघंही मोजत होते, एक आत, एक बाहेर, आणि मध्ये नुसती भिंत. माणसं भिंती रंगवतात, पण त्यांना कान लावत नाहीत.

मला मजा वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी पोरं झोपल्यावर आई बाहेर आली आणि माझ्या दुसऱ्या पायरीवर बसली. मांडीवर तिची वही. त्यात तिन्ही संच, तारखा, काय केलं, काय चुकलं, सगळं बारीक अक्षरात. तिनं ती मिटली आणि नवऱ्याला निरोप पाठवायला मोबाइल तोंडाशी धरला.

"अहो, माझ्याच्यानं नाही होत. तीन संच झाले, पण तिच्या डोक्यात चार जातच नाही. संच तरी किती बदलू? मीच चुकीची असेन. सोमवारपासून बसमध्ये पाठवते तिला. पिशव्या देते बरोबर."

पिशव्यांपर्यंतचं सगळं तिनं एकदा परत लावून ऐकलं. आणि मग तिनं तो निरोप पुसून टाकला, पाठवलाच नाही.

तेव्हा माझ्या लाकडात काहीतरी टोचलं हो. थट्टा माझी आणि शिक्षा भलत्यालाच! मी जीव तोडून कुरकुरले. हेच ते, बाई, तू बसलीयेस त्याच्या दोन पायऱ्या वर बघ! ती उठली आणि म्हणाली, "हिलाही आता तेल द्यायला हवं."

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. जाड चष्मा, फाइल आणि पर्समध्ये बटणांची पिशवी. आधी वाचन. खारूनं पुस्तकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खिडकीतला रंगाचा डबा उचलला आणि घडाघडा वाचलं, "वापरण्यापूर्वी नीट ढवळा. लहान मुलांपासून दूर ठेवा." बाईंनी डबा हळूच तिच्यापासून दूर ठेवला आणि फाइलमध्ये बरोबरची खूण केली.

मग टेबलावर सहा बटणं. आईनं डोळे मिटले.

"एक, दोन, तीन," पाय वर, "पाच, सहा, सात."

"पुन्हा मोज बाळा."

पुन्हा तेच, पाय आणखी उंच.

"पाय का उचलतेस गं?"

"मग काय पडू?"

"का पडशील?"

"चार नाहीये ना."

"कुठे नाहीये?"

"आजोबांकडे."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "चार आजोबांकडे नाहीये," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "चल, दाखव."

सगळी वरात बाहेर. आजोबा माझ्या टोकावर बसून खिडकीची वरची चौकट रंगवत होते. परक्या बाई बघून बुजले आणि गुपचूप उतरायला लागले. तोंड बंद! एरवी आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं मोजणारा माणूस आज लाजला!

म्हटलं, असं होय? मी डावा पाय सोडला. चांगला हिसका देऊन डुलले. एकतीस वर्षांत अशी डुलले नव्हते.

"अगं आई गं!" आजोबा ओरडले आणि तोंड आपोआप सुरू झालं, "सात, सहा, पाच, सांभाळ, तीन, दोन, एक!"

आईनं माझ्याकडे पाहिलं, मधल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

"अण्णा! हे तुम्ही रोज मोजता?"

"मग? मोजलं नाही तर पडेन की."

"आणि ही रोज तुमच्याबरोबर?"

"हुशार आहे पोरगी. एकदाही चुकली नाही."

आई मटकन खाली बसली आणि हसायला लागली. रडतही होती, पण हसू जास्त होतं. आजोबांना कळेना काय झालं. कळलं तेव्हा कान लाल झाले त्यांचे. "मला आधी सांगायचंस ना गं," एवढंच म्हणाले.

बाईंनी रंग ढवळायची काठी उचलली, पुसली आणि माझ्या रिकाम्या जागी आडवी धरली. "आता मोज."

खारू काठीकडे बघत राहिली. मग बोट लावून म्हणाली, "एक, दोन, तीन..." पाय उचलला, थांबली, खाली ठेवला. "चार! आजोबा, चार आला!" मग आत पळाली आणि बटणं मोजून तिथूनच ओरडली, "सहा आहेत! तुम्ही एक काढून घेतलं का?"

"पोरीला मोजता येतं," बाई म्हणाल्या. "शिडीला येत नाही." अपमान केला माझा, पण लिहिलं मात्र चांगलं.

आईनं तिन्ही संच पुढे ठेवले. "यातला कुठला ठेवू, ते तरी सांगा."

"मणी ठेवा. बाहेर हिंडणं ठेवा. अस्वलाला झोपू द्या. आणि चौथा आणायच्या आधी आठवडाभर नुसतं पोरीच्या मागे फिरा. ती आधीच काय शिकतेय ते तर कळू दे."

"आणि वेळापत्रक?"

"त्यातला नऊ वीसचा आनंद तेवढा ठेवा," बाई म्हणाल्या.

त्याच दुपारी आजोबांनी मला आडवं केलं आणि जुन्या झाडूच्या दांड्याची चौथी पायरी बसवली. ताठ, गुळगुळीत, नव्या सुनेसारखी. वर्षभर कुणाशी बोलली नाही. आता रुळलीय.

खारू आता नऊ वर्षांची झाली. घरीच शिकते, भागाकार करते. चारचा भागाकार आला की टेबलाखाली अजून तिचा पाय उचलला जातो. आजोबांना आता चढवत नाही, म्हणून मी आतल्या खोलीत असते. माझ्या पायऱ्यांवर पुस्तकं ठेवतात. चौथीवर काहीच ठेवत नाहीत. ती खारूची बसायची जागा.

तुमच्याकडे एक मागणं आहे. घरात एखादी पायरी मोडलेली असेल, तर उद्यावर टाकू नका. तिच्यावर कोण काय शिकतंय, तुम्हाला पत्ता नसतो.

आणि हो, धाकटा आता मोजायला लागलाय. पुस्तकं बाजूला सारून माझ्यावर पाय देऊन चढतो आणि दर पायरीच्या आवाजाला एक आकडा म्हणतो. माझी तिसरी पायरी हल्ली दोनदा कुरकुरते. एकदा पाय ठेवल्यावर, एकदा उचलल्यावर. परवा त्यानं सगळ्या पायऱ्या मोजल्या आणि आईला सांगितलं, आठ आहेत.

आई वही घेऊन येतेय. या वेळी आत नाही बसली, सरळ माझ्याकडेच येतेय. गप्प, मी साधी शिडी आहे, मला बोलता येत नाही. जा आता, निघा इथून, तिला हसू फुटेल तुमचं तोंड बघून!