फोडणी, आयोवा

मी बोर्ड बोलतोय. शाळेतला काळा नाही, रेल्वे स्टेशनचा पांढरा. स्टेशन आता गेलं, रूळही गेले, मी आहे. आयोवातल्या मक्याच्या शेतात उभा राहून मी मराठी कसं काय फाडतोय, असं वाटत असेल ना? सांगतो. घाई असेल तर जा, हायवे तिकडे आहे.

मी पाइनच्या लाकडाचा. रेल्वेने इथे रूळ टाकले तेव्हा गाव-बिव काही नव्हतं. इंजिनाला पाणी लागतं म्हणून टाकी बांधली, टाकीपाशी स्टेशन, स्टेशनपाशी दुकान, आणि दुकानातल्या भांडणांसाठी चर्च. गावांची नावं रेल्वेनेच एबीसीडीच्या ओळीने ठेवली. एफची पाळी आली तेव्हा साहेबाला काही सुचेना. त्याने सासऱ्याचं आडनाव ठोकून दिलं, फॉडनी! माझ्या छातीवर काळ्या रंगात लिहिलं आणि झालं गाव.

मग काय, चैन होती. गाड्या यायच्या. माणसांची एक गंमत सांगतो. गाडीची वाट बघणारा माणूस आधी घड्याळ बघतो, मग रूळ बघतो, मग मला वाचतो. परत घड्याळ, परत रूळ, परत मी. अरे, मघाशी फॉडनीच होतं, आत्ता काय शिकागो होणारे?

स्टेशनमास्तर होता ऑर्व्हल. दर उन्हाळ्याच्या तोंडाशी तो मला घासूनपुसून नवा रंग द्यायचा. स्वतःच्या घराला इतका रंग त्याने कधी दिला नाही. बायको कुरकुरायची, मला बरं वाटायचं.

पुढे लोकांनी मोटारी घेतल्या. प्रवासी गाडी बंद झाली, उरली मक्याची मालगाडी. ऑर्व्हल रिटायर झाला, तरी मला रंगवायला यायचाच. शाळा शेजारच्या गावात गेली. मागोमाग पोस्टही गेलं.

आणि अशा गावाला डॉक्टर मिळाली! डॉक्टर सुहासिनी, मूळच्या नागपूरच्या. बरोबर नवरा राजीव आणि शाळेतली मुलगी विनीता. पहिल्याच दिवशी त्यांची गाडी माझ्यासमोर थांबली. बाईंनी मला वाचलं आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत सुटल्या.

"अहो, फोडणी! आपण फोडणीत राहणार!"

"म्हणजे तू मोहरी, मी हिंग," राजीव म्हणाला.

बाकावर बसलेल्या ऑर्व्हलला राग आला. "आमच्या गावाला हसायला काय झालं?" बाई ओशाळल्या. त्याला घरी नेलं आणि कढईत फोडणी करून दाखवली. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग-मिरची पडली. ऑर्व्हल खोकला, शिंकला, डोळे पुसले आणि दोनदा वरण-भात मागून घेतला. तेव्हापासून दवाखान्यात आला की विचारायचा, "काय डॉक्टर, गाव तडतडलं का आज?"

मग चौऱ्याऐंशी साल उजाडलं. कंपनीने आमची लाइन बंद केली. रूळ उपटले, स्टेशन पाडलं. एका बुधवारी निरोप आला, की सोमवारी माणूस येऊन बोर्ड घेऊन जाईल. हेड ऑफिसात शोभेला लावणार म्हणे. सगळ्या गावात गावाचं नाव आता फक्त माझ्या अंगावर उरलं होतं.

ऑर्व्हल माझ्या खांबाला टेकून विनीताला म्हणाला, "मी मेलो तर कुठे मेलो, हे तरी लोकांना कळायला नको का?"

विनीताने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. तिचं डोकं चालू झालं. कार्टीला सरळ चालणं माहीतच नाही.

रविवारी सगळं गाव चर्चमध्ये होतं. ही डबा आणि ब्रश घेऊन आली. मला आधी पांढरं फासलं. गुदगुल्या झाल्या यार! मग जीभ बाहेर काढून एकेक अक्षर काढायला लागली. एवढ्यात बाई शोधत आल्या.

"विनू! अगं काय करतेस हे? दुसऱ्याची वस्तू आहे ती!"

"आई, रिलॅक्स! नाव तेच आहे. जस्ट स्क्रिप्ट चेंज केली."

बाई ओरडणारच होत्या, पण त्यांची नजर माझ्यावर गेली. मी तेव्हा होतो 'फोडनी'.

"फोडनी? फोडनी काय, फोडनी? ण! बाणातला ण!"

"ओ माय गॉड, सेम साउंड आहे!"

"सेम नाही! आण तो ब्रश."

झालं. रागवायला आलेल्या बाईंनी न पुसला आणि स्वतः ण काढला. तो अजून बाकीच्या अक्षरांपेक्षा जाड आहे. काढून झाल्यावर त्यांना भान आलं. म्हणाल्या, "पण मी खोटं बोलणार नाही हं. त्याने विचारलं तर सांगणार."

सोमवारी टायवाला आला, ट्रक घेऊन. मला बघितलं, मागून बघितलं, डोकं खाजवलं. गाव जमलं होतं. सगळे आभाळाकडे बघत होते, जणू पाऊस येणार होता.

"फॉडनीचा बोर्ड कुठे आहे?" त्याने बाईंनाच विचारलं.

बाईंनी सरळ माझ्याकडे बोट केलं. "हाच. फोडणी."

त्या माणसाला वाटलं, परदेशी बाईंना इंग्रजी समजलं नाही. अशा वेळी ही माणसं काय करतात? आवाज वाढवतात. तो कानात ओरडला, "फॉऽड! नीऽ! बोर्ड! कुठे?"

बाईंनीही आवाज वाढवला. "फोऽड! णीऽ! हाच!"

"यावर काय लिहिलंय?"

"फोडणी! तेल तापवायचं, मोहरी टाकायची, तडतडली की हिंग..."

"म्हणजे खाण्याचं दुकान," टायवाला ऑर्व्हलला म्हणाला.

"जेवण झकास असतं," ऑर्व्हल म्हणाला. ते तर खरंच होतं.

ट्रक रिकामा गेला. तो वळणाआड जाईपर्यंत कुणी हसलं नाही. मग ऑर्व्हल असा हसला, की बाईंना त्याची नाडी बघावी लागली.

आता मला रंगवायला ऑर्व्हल आणि विनीता मिळून येतात. परत इंग्रजी नाव काढू या, असं ती एकदा म्हणाली, तर तो नको म्हणाला. या वयात तो तीन अक्षरं शिकलाय. ड काढायला जातो आणि इ होतो, पण ण एकदम ठसठशीत. मराठी अंगावर आलं तसं माझ्या तोंडातही आलं, ते हे असं.

गाड्या येत नाहीत. पण शिकागोकडची एखादी मराठी गाडी रस्ता चुकून इथे येते, करकचून ब्रेक लागतो आणि आतून ओरडा होतो, "अगं बघ, फोडणी!" मला स्टेशन असल्यासारखं वाटतं.

तुम्ही एवढ्या लांब कशाला याल? पण उद्या सकाळी कढईत मोहरी तडतडली, की समजा, आमच्या गावात गाडी आली.